बास्केटबॉलचं सर्वांत थोर जुनं कार्ड कोणतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या वादात उतरणाऱ्यानं आपली बाजू आधी सांगावी, म्हणजे पुढचं बोलणं सरळ होतं. माझं मत टॉप्स कंपनीच्या १९५७-५८ च्या संचातल्या ७७ क्रमांकाच्या कार्डाला: बिल रसेल, बॉस्टन सेल्टिक्स. पुष्कळांना हे पटत नाही. कोणी जॉर्डनचं नाव घेतं, कोणी मायकनचं, कोणी चेंबरलेनचं. त्यांचे मुद्देही कच्चे नाहीत. खालचे प्रश्न या खेळाशी थोडी ओळख असलेले, पण कार्डांच्या दुनियेत नवे असलेले लोक पुन्हा पुन्हा विचारतात.

हे आपल्याकडच्या ट्रंप कार्डांसारखंच काहीतरी का?

दिसायला हो. नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत आपण कुस्तीगीरांची ट्रंप कार्डं खेळायचो. उंची, वजन, छाती, रँक यांवर समोरच्याचं कार्ड खेचायचो. अमेरिकेतल्या ट्रेडिंग कार्डांना असा ठरलेला खेळच नाही. पुढच्या बाजूला खेळाडूचं चित्र किंवा फोटो, मागे त्याची माहिती आणि आकडे. ती आधी सिगारेटच्या पाकिटातून आली, पुढे बबलगमच्या पुडीतून. पुडीत कोण निघेल हे माहीत नसायचं, म्हणून मुलं आपापसांत अदलाबदल करायची. कंपनी एका हंगामासाठी ठरावीक क्रमांकांचा संच काढायची, आणि तो पूर्ण करण्याची हाव हाच तिचा धंदा होता. पोरांनी ती कार्डं खिशात कोंबली, रबरबँडनं बांधली, सायकलच्या आऱ्यांत अडकवली. आज चांगल्या अवस्थेतली जुनी कार्डं दुर्मीळ असण्याचं कारण हेच.

'जुनं' म्हणजे कोणत्या सालापर्यंतचं?

एकमत नाही. बहुतेक संग्राहक १९८० च्या आसपास रेघ ओढतात. काही जण ती १९८६ पर्यंत ताणतात, आणि ती का ताणतात हे उघड आहे: जॉर्डनला आत घ्यायचं असतं. मी १९८०-८१ च्या टॉप्स संचापाशी थांबतो, पण जॉर्डनला दाराबाहेर उभं करून हा वाद कोणी ऐकून घेत नाही, म्हणून त्याच्याबद्दलही खाली आहे.

सर्वांत पहिलं बास्केटबॉल कार्ड कोणतं?

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला मांडला. त्यानंतर वीसेक वर्षांनी मुराद सिगारेटच्या महाविद्यालयीन मालिकेत बास्केटबॉल दिसू लागला. १९३३ मध्ये गाउडी कंपनीनं 'स्पोर्ट किंग्ज' नावाचा ४८ कार्डांचा संच काढला. त्यात पोहणारे, मुष्टियोद्धे, घोडेस्वार यांच्या गर्दीत चारच बास्केटबॉलपटू होते. नॅट होल्मन आणि जो लॅपचिक ही त्यातली ओळखीची नावं. पूर्णपणे या खेळाला वाहिलेला पहिला मोठा संच मात्र १९४८ चा, फिलाडेल्फियाच्या बोमन कंपनीचा. ७२ छोटी कार्डं, आजच्या कार्डाहून बरीच बुटकी. सगळी खेळाडूंचीही नाहीत; काहींवर डाव कसा रचायचा याच्या आकृत्या आहेत. ज्या मुलाच्या पुडीत मायकनऐवजी ती बाण काढलेली आकृती आली असेल, त्याचं तोंड डोळ्यांपुढे येतं.

१९४८ नंतर दरवर्षी संच निघाले का?

नाही, आणि या सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे. बेसबॉलची कार्डं दरवर्षी निघत होती. बास्केटबॉलची तशी निघाली नाहीत. १९४८ चा बोमन संच आला आणि कंपनीनं पुन्हा हात लावला नाही. मग थेट १९५७-५८ चा टॉप्स संच, ८० कार्डांचा. तो एका हंगामात आटोपला. मग १९६१-६२ चा फ्लीर संच, ६६ कार्डांचा. तोही एकच हंगाम. पुढे १९६९-७० मध्ये टॉप्स बारा वर्षांनी परतली, तेव्हा कुठे दरवर्षीची रीत बसली. मधल्या काळात स्थानिक कंपन्यांनी थोडीफार कार्डं काढली. सॉसेज विकणाऱ्या काह्न्स कंपनीची कार्डं प्रसिद्ध आहेत. १९६८-६९ मध्ये टॉप्सनं २२ कृष्णधवल कार्डांचा एक चाचणी संचही काढला होता, तो फारच थोड्या हातांत पोचला. पण देशभर गमच्या पुडीतून मिळालेले संच १९४८ ते १९६८ या दोन दशकांत तीनच.

कारण साधं. तेव्हा हा खेळ व्यावसायिक पातळीवर तिसऱ्या-चौथ्या नंबरचा होता. संघ छोट्या शहरांतून खेळायचे. बेसबॉलचा नायक घराघरांत ठाऊक होता, बास्केटबॉलचा नव्हता, आणि दुकानदार खपणाराच माल ठेवतो.

म्हणून बास्केटबॉलच्या थोर कार्डांची यादी करताना कंपन्यांना नेमकं कोणत्या वर्षी सुचलं हेही मोजावं लागतं. बॉब कूझी १९५० पासून खेळत होता. देशभर मिळणाऱ्या संचात त्याचं पहिलं कार्ड १९५७ चं. तोवर तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून चुकला होता.

मग 'रूकी कार्ड' म्हणजे पहिल्या हंगामाचं कार्ड नव्हे?

नावावरून तसं वाटतं, पण या खेळात बहुतेकदा नव्हे. मोठ्या संचात आलेलं खेळाडूचं पहिलं कार्ड ते त्याचं रूकी कार्ड, मग तो तोवर म्हातारा झालेला का असेना. चेंबरलेन १९५९ मध्ये लीगमध्ये आला, कार्ड १९६१ चं. एल्जिन बेलर १९५८ चा, कार्ड १९६१ चं. जॉन हॅवलिचेकची कमाल आहे: १९६२ पासून खेळतोय, अनेक अजिंक्यपदं खिशात, आणि रूकी कार्ड १९६९ चं! बर्ड आणि मॅजिक एका वर्षानं उशिरा, जॉर्डन दोन वर्षांनी. खरोखर पहिल्याच हंगामात कार्ड मिळालेला या यादीतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे लू अल्सिंडर, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. त्याच्या कार्डाची बाजू घेणारे हा मुद्दा सोडत नाहीत, आणि त्यांनी सोडूही नये.

जॉर्ज मायकनचं कार्ड पहिलं आणि दुर्मीळ. मग तेच सर्वांत थोर का नाही?

माझ्या यादीत ते दुसरं आहे, आणि अधूनमधून पहिल्या जागेसाठी माझ्याशी भांडतं. बोमन संचातलं क्रमांक ६९. संचाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याहून कमी मिळतो आणि मायकन त्यात आहे. मिनियापोलिस लेकर्सचा हा सहा फूट दहा इंचांचा चष्मेवाला सेंटर या खेळाचा पहिला खराखुरा तारा होता. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसनं घेतलेल्या मतदानात शतकार्धातला सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू म्हणून तो निवडला गेला. त्याला आवरण्यासाठी १९५१ मध्ये बास्केटखालची पट्टी सहा फुटांवरून बारा फूट रुंद केली. एका माणसामुळे मैदानावरच्या रेघा बदलाव्या लागल्या.

तरीही मी त्याला मागे ठेवतो. कार्ड १९४८ चं, आणि त्या वेळी लीगचं नाव एनबीए झालेलंही नव्हतं. ती बीएए नावाची लीग होती, दुसऱ्या एका लीगशी तिचं विलीनीकरण १९४९ मध्ये झालं आणि एनबीए हे नाव आलं. शिवाय त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. अर्ल लॉइड, चक कूपर आणि नॅट क्लिफ्टन हे १९५० च्या शरदात आले. त्यामुळे बोमनचा संच या खेळाचं अर्धंच चित्र दाखवतो. याचा दोष मायकनकडे जात नाही, पण 'सर्वांत थोर कार्ड' म्हणताना मला ते खटकतं.

रसेलच का? सविस्तर सांगा.

आधी माणूस. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन डिसेंबरमध्ये तो सेल्टिक्सकडे आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये संघानं पहिलं अजिंक्यपद मिळवलं. तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदं. शेवटची दोन खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत. १९६६ मध्ये तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला होता. नागरी हक्कांच्या लढ्यात तो उघडपणे उभा राहिला, त्याची किंमत त्यानं बॉस्टनमध्येच मोजली. २०११ मध्ये त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. जुलै २०२२ मध्ये तो गेल्यावर त्याचा ६ क्रमांक सगळ्याच संघांमधून निवृत्त करण्यात आला. एनबीएनं असा मान त्याआधी कोणालाही दिलेला नव्हता.

आता कार्ड. ते १९५७-५८ च्या हंगामाचं, म्हणजे तो पहिल्यांदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला त्या हंगामाचं. छपाईच्या मोठ्या तावावर त्या संचातली काही कार्डं दोनदा बसवली होती, रसेलचं एकदाच. म्हणजे पुड्यांमध्येच ते कमी होतं. छपाईही यथातथाच: बऱ्याच कार्डांचं चित्र एका बाजूला सरकलेलं, रंगात पांढरे ठिपके. चार बाजूंना सारखी पांढरी पट्टी असलेलं रसेल मिळणं हा योग आहे.

त्याहून मोठी गोष्ट अशी की तेरा वर्षांच्या कारकिर्दीत गमच्या पुडीतून देशभर पोचलेली त्याची कार्डं मोजून तीन. एक हे, आणि दोन १९६१ च्या फ्लीर संचातली: एक नेहमीचं, एक खेळतानाचं. आजचा दुसऱ्या वर्षाचा राखीव खेळाडूही एका हंगामात त्याहून जास्त कार्डांवर झळकतो.

मला स्वतःला सर्वांत जास्त आवडतो तो मुद्दा आकड्यांचा. कार्डाच्या मागे खेळाडूचे आकडे असतात. रसेलचं सगळं मोठेपण समोरच्याचा फटका अडवण्यात, आणि अडवलेला चेंडू बाहेर न भिरकावता आपल्याच माणसाकडे टोलवण्यात होतं. एनबीएनं 'ब्लॉक' अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ पासून. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. त्यामुळे त्याचं काम त्याच्या कुठल्याच कार्डाच्या पाठीवर मावलेलं नाही. गुणांचा हिशेब बघणाऱ्या पोरानं ते कार्ड बाजूला सारून जास्त गुण करणाऱ्या पेटिटचं मागितलं असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

पण एका कार्डाची थोरवी सांगताना सगळा संच मध्ये का आणायचा?

कारण कार्ड संचातच जन्मतं. १९५७-५८ चा टॉप्स संच नॅट क्लिफ्टनपासून सुरू होतो; क्रमांक १ तोच. अर्ल लॉइडही आहे. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी एनबीएच्या सामन्यात उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. कूझी, पेटिट, शेज, ॲरिझिन, शारमन, हाइनसन सगळे इथे पहिल्यांदा भेटतात. खेळ बदलणारी एक अख्खी पिढी या ८० कार्डांत उभी आहे.

आणि त्यात ४२ क्रमांकाला मॉरिस स्टोक्स आहे. सिनसिनाटी रॉयल्सचा हा खेळाडू १९५६ चा सर्वोत्तम नवोदित होता, आणि ताकद, चपळाई, पास देण्याची नजर असं सगळं त्याच्याकडे होतं. १२ मार्च १९५८ रोजी मिनियापोलिसमधल्या सामन्यात तो पडला, डोकं आपटलं. तरी पुन्हा उठून खेळला. तीन दिवसांनी विमानात त्याला झटके आले, आणि पुढे तो अर्धांगाहूनही वाईट अवस्थेत अंथरुणाला खिळला. त्याचा संघसहकारी जॅक ट्वायमन त्याचा कायदेशीर पालक झाला, उपचारांसाठी मदतनिधीचे सामने भरवत राहिला. स्टोक्स १९७० मध्ये गेला. ट्वायमनचं कार्डही याच संचात आहे, ७१ क्रमांकाला. ही दोन्ही कार्डं कमी ग्रेडमध्ये, म्हणजे अवस्थेचे कमी गुण मिळालेली, रसेलच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात मिळतात, आणि मला विचाराल तर ती जोडीनंच ठेवावीत.

चेंबरलेनच्या कार्डाचं काय? शंभर गुण केलेला माणूस तो!

१९६१-६२ फ्लीर, क्रमांक ८. त्यामागची योगायोगाची गोष्ट जबरदस्त आहे. हा संच बाजारात असलेल्याच हंगामात, २ मार्च १९६२ रोजी, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी चेंबरलेननं न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्यानं १०० गुण केले. हंगामाची सरासरी ५०.४. त्या सामन्याचं चित्रीकरण नाही, त्यामुळे त्या हंगामाची जी काही चित्रं उरली त्यांत या कार्डाचं मोल वेगळं. असा हंगाम होऊनही फ्लीरनं पुढच्या वर्षी संच काढलाच नाही! बबलगम पहिल्यांदा बाजारात आणणाऱ्या कंपनीला शंभर गुणही विकता आले नाहीत, यावरून त्या काळातली या खेळाची पत कळावी.

संच म्हणून बघाल तर मी फ्लीरलाच पहिला नंबर देईन. चेंबरलेन, जेरी वेस्ट, ऑस्कर रॉबर्टसन, एल्जिन बेलर या चौघांची पहिली मोठी कार्डं ६६ कार्डांत एकत्र. त्यांपैकी २२ कार्डं प्रत्यक्ष खेळतानाच्या क्षणांची. एकट्या कार्डाच्या शर्यतीत मात्र रसेल माझ्यासाठी पुढे राहतो. मैदानावर हे दोघे भिडले तेव्हा शेवटी कोण जिंकायचं, हे सेल्टिक्सच्या अजिंक्यपदांची यादीच सांगते.

लू अल्सिंडर म्हणजे करीम अब्दुल-जब्बारच ना?

तोच. १९६९ मध्ये मिलवॉकी बक्सनं नाणेफेकीत फीनिक्सला हरवून त्याला निवडण्याचा पहिला हक्क मिळवला. त्याच हंगामात टॉप्सनं ९९ कार्डांचा संच काढला आणि कार्डांचा आकार वाढवून साडेचार इंचांहून उंच केला. उंच खेळाडूंसाठी उंच कार्ड, ही कल्पना मला अजूनही गमतीची वाटते. अल्सिंडर क्रमांक २५. त्यानं १९७१ मध्ये, बक्सला अजिंक्यपद मिळवून दिल्यावर, नवं नाव जाहीरपणे घेतलं आणि १९७२-७३ च्या संचात तो करीम म्हणून छापला गेला.

या उंच कार्डांची एक कटकट आहे. ती नेहमीच्या पाकिटात, डब्यात मावत नाहीत. कोपरे लवकर दुमडतात. संच मात्र भरगच्च आहे: हॅवलिचेक, फ्रेझर, विलिस रीड, अन्सेल्ड, आणि पुढे न्यू जर्सीचा सिनेटर झालेला बिल ब्रॅडली. उद्या कोणी मला पुराव्यानिशी पटवून दिलं की मोठ्या संचात खरोखरीच्या पहिल्या हंगामाचं कार्ड असणं हीच थोरवीची पहिली अट, तर मी मुकाट्यानं अल्सिंडरला मत देईन. मला ती अट मान्य नाही, इतकंच.

मॅरॅविच, डॉक्टर जे?

दोन्ही देखणी, दोन्ही खिशाला त्यामानानं बरी. पीट मॅरॅविच १९७०-७१ टॉप्स, क्रमांक १२३, पुन्हा उंच आकारात. ज्युलियस अर्व्हिंग, म्हणजेच डॉक्टर जे, १९७२-७३ टॉप्स, क्रमांक १९५, व्हर्जिनिया स्क्वायर्सच्या गणवेशात. तो तेव्हा एनबीएत नव्हता, प्रतिस्पर्धी एबीएत होता. त्या लीगचा लाल-पांढरा-निळा चेंडू ही तिच्या पहिल्या आयुक्ताची कल्पना, आणि तो आयुक्त म्हणजे आपला चष्मेवाला मायकन.

बर्ड आणि मॅजिक एकाच कार्डावर आहेत म्हणतात?

हो, मध्ये अर्व्हिंगसह. १९८०-८१ मध्ये टॉप्सनं एका कार्डाचे तीन तुकडे पाडता येतील अशी टोचलेली रेघ दिली होती. डावीकडे लॅरी बर्ड, मध्ये डॉक्टर जे, उजवीकडे मॅजिक जॉन्सन. १९७९ च्या महाविद्यालयीन अंतिम सामन्यात समोरासमोर आलेल्या दोघांची रूकी कार्डं एकाच पुठ्ठ्यावर यावीत, हे जुळवूनही जुळलं नसतं.

अर्थात पोरांनी रेघ दिसली की फाडलं. फाडलेल्या तुकड्यालाही थोडी किंमत असते, अखंड कार्डाची गोष्ट वेगळी. कल्पना म्हणून मला ते फार आवडतं. चित्र म्हणून नाही. एवढ्याशा चौकटीत तिघांना कोंबल्यावर कोणाचाच चेहरा नीट खुलत नाही.

आणि मायकल जॉर्डन? जगातलं सर्वांत प्रसिद्ध बास्केटबॉल कार्ड तर त्याचंच.

प्रसिद्ध, निःसंशय. १९८६-८७ फ्लीर, क्रमांक ५७. लाल-पांढरी-निळी चौकट, हवेत झेपावलेला जॉर्डन, जीभ बाहेर. १३२ कार्डांचा संच, नावांच्या वर्णानुक्रमानं, त्यामुळे पहिला क्रमांक करीमला. बार्कली, युइंग, ओलाजुवॉन, कार्ल मलोन, ड्रेक्सलर यांचीही रूकी कार्डं इथेच. प्रत्येक पुडीत एक स्टिकरही असायचा. जॉर्डनचा स्टिकर क्रमांक ८, आणि उत्तम अवस्थेत तो मूळ कार्डापेक्षा अवघड.

पण दुर्मीळ? अजिबात नाही. तावावर १३२ जागा, १३२ कार्डं. जॉर्डन त्या संचातल्या कुठल्याही अनोळखी राखीव खेळाडूइतकाच छापला गेला. पीएसए या एकाच कंपनीनं तपासून प्लास्टिकमध्ये बंद केलेली त्याची वीस हजारांहून जास्त कार्डं आहेत. दहापैकी दहा मिळालेली तीनशेच्या थोडी वर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जॉर्डनवरची माहितीपट मालिका जगभर बघितली गेली, हातात पैसा आणि वेळ असलेले लोक बालपणाच्या वस्तू शोधू लागले, आणि जानेवारी २०२१ च्या अखेरीस एकाच लिलावात दहा ग्रेडची दोन कार्डं प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेली. त्या वेळच्या दरानं पाच कोटी रुपयांहून जास्त. काही महिन्यांतच भाव निम्म्याच्याही खाली आला.

थोर खेळाडू, देखणं चित्र, सगळं मान्य. पण हे कार्ड कधीही, कोणत्याही दिवशी, पैसे टाकले की मिळतं. ज्याला हवं त्यानं अवश्य घ्यावं. मी त्याला 'सर्वांत लाडकं' हा किताब आनंदानं देतो.

जॉर्डनचं १९८४ चं स्टार कंपनीचं कार्ड त्याआधीचं आहे. मग तेच खरं रूकी नव्हे?

या एका प्रश्नावर मैत्र्या तुटल्या आहेत. स्टारची कार्डं गमच्या पुडीतून न येता संघवार प्लास्टिकच्या पिशव्यांतून विक्रेत्यांमार्फत जायची. त्यांचा १०१ क्रमांकाचा जॉर्डन १९८४-८५ चा, म्हणजे पहिल्या हंगामाचा. पिशवीतून आलेलं कार्ड 'रूकी' धरायचं नाही असा जुना दंडक होता, शिवाय नकली आणि मागाहून छापलेल्या मालाची भीती. पीएसए बराच काळ ही कार्डं तपासतच नव्हती. माझ्या लेखी ते जॉर्डनचं पहिलं व्यावसायिक कार्ड आहे, आणि नावाचा वाद मी इतरांवर सोडतो.

जास्त किंमत म्हणजे जास्त थोर, असं सरळ का मानू नये?

मग हा प्रश्न दर सहा महिन्यांनी नव्यानं सोडवावा लागेल. शिवाय सर्वांत महाग बास्केटबॉल कार्डं जुनी नाहीतच. जर्सीचा तुकडा आणि सही असलेली, मुद्दाम एकच प्रत काढलेली या शतकातली कार्डं लाखो डॉलरच्या घरात जातात. त्यांची दुर्मिळता कारखान्यात ठरवून बनवलेली असते. रसेलचं कार्ड दुर्मीळ झालं ते कोणी जपून ठेवण्याजोगं मानलं नाही म्हणून. या दोन दुर्मिळतांना मी एका तराजूत घालत नाही.

ग्रेडिंग कसं चालतं?

तज्ज्ञ कंपनी कार्ड तपासते, १ ते १० मध्ये अंक देते आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करते. त्या पेटीला 'स्लॅब' म्हणतात. चार गोष्टी बघतात: चित्र मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. आठचा नऊ झाला की जुन्या कार्डाची किंमत कित्येक पटींनी वाढते, आणि फसवणुकीला तोंड तिथेच फुटतं. कडा कापून सरळ करणं, डाग धुणं, सुरकुती दाबणं हे सगळे उद्योग झालेले आहेत. माझा सल्ला: १९५७ चं कार्ड घेताना चार-पाच ग्रेडवर समाधान मानावं, पण चित्र मधोमध आहे का ते अंकापेक्षा आधी बघावं.

नकली कसं ओळखायचं?

सर्वांत जास्त नकला १९८६ च्या जॉर्डनच्या. भिंग घ्या. अस्सल कार्डावर काळी अक्षरं आणि रेघा भरीव, कडेला स्वच्छ दिसतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. त्याच संचातलं एखादं स्वस्त, अस्सल कार्ड जवळ ठेवून जाडी, रंग, कागदाचा पोत ताडून बघणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. स्लॅबचीही नक्कल होते, म्हणून त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा.

महाराष्ट्रात बसून हा छंद जमतो का?

जमतो, पण वाट लांबची. मुंबईत नागपाड्यासारख्या वस्त्यांनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला आहे, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळून गेले. तरी जुन्या कार्डांचा बाजार अमेरिकेतच आहे. परदेशातून मागवलं तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा. पुष्कळदा कार्डापेक्षा तेच भारी पडतं. अनेक जण न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या भावाच्या, मावशीच्या पत्त्यावर कार्डं गोळा करतात आणि वर्षातून एकदा मागवतात. ज्यांच्या पत्त्यावर मागवणार त्यांना विमा, सही, पॅकिंग हे आधी समजावून सांगा. नाहीतर बुटांच्या खोक्यात, पापडाच्या परतीच्या डब्याखाली दबून १९६१ चा जेरी वेस्ट घरी येतो.

रसेल परवडत नाही. काय घेऊ?

१९५७ च्या संचातली कमी नावाजलेली कार्डं. तोच कागद, तेच साल. सत्तरच्या दशकातले टॉप्स संच तर नवख्यासाठी उत्तमच. कमी ग्रेडमध्ये मोठी नावंही आवाक्यात येतात. वेगळं काही हवं तर १९७१-७२ चा फ्लीरचा हार्लेम ग्लोबट्रॉटर्स संच बघा, ८४ कार्डांचा. कसरती आणि हशा यांची ती कार्डं आहेत आणि त्यांच्या वाटेला फारसं कोणी जात नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कार्डं कशी टिकवायची?

पुठ्ठा दमट हवेत वाकतो आणि बुरशी धरतो. आधी मऊ प्लास्टिकचं पाकीट, त्यावर कडक खोळ, मग झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या जून ते सप्टेंबर दर काही आठवड्यांनी बदला. भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटाचा तळचा खण टाळा. मुंबई-कोकणात ओल तिथूनच चढते. रबरबँड नको, पीव्हीसीचे जुने फोटो अल्बम नकोत. १९६९ आणि १९७० च्या उंच कार्डांसाठी त्यांच्याच मापाच्या खोळी मिळतात, त्या कार्डांबरोबरच मागवून घ्या.